वीस खजुरी, शंभर माणसे

फ्रँक हर्बर्ट या अमेरिकी लेखकाच्या ‘ड्यून’ या कादंबरीत सुरुवातीच्या भागातच एक हिशेब येतो. अराकिस नावाच्या ग्रहावर पाऊस पडत नाही. तिथल्या राजधानीत नव्याने आलेल्या सरदाराच्या वाड्यासमोर खजुरीची वीस झाडे उभी आहेत, आणि रस्त्याने जाणारे लोक त्या झाडांकडे विचित्र नजरेने पाहत जातात. घराण्याचा वैद्य त्या नजरेचा अर्थ उलगडून सांगतो. एका खजुरीला दिवसाला चाळीस लिटर पाणी लागते. माणसाला आठ लिटर पुरते. म्हणजे एक झाड पाच माणसांचे पाणी पिते. झाडे वीस, तेव्हा माणसे शंभर.

या हिशेबापाशी मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. मी भूगोलाचा मास्तर, सेलू तालुक्यातला. उन्हाळ्यात टँकरभोवती उभ्या राहिलेल्या बायकांची नजर आणि शेजारच्याच शिवारात डोलणारा हिरवागार ऊस, या दोन गोष्टी एकाच वेळी पाहायची आमच्या डोळ्यांना सवय आहे. पण झाड भागिले माणूस असा भागाकार कुणी मांडून दाखवला नव्हता. तो मांडला सहा दशकांपूर्वी, प्रशांत महासागराच्या काठावर राहणाऱ्या एका वार्ताहराने, आणि तोही परग्रहावरच्या गोष्टीत. या लेखात मी ‘ड्यून’बद्दल सांगणार आहे ते या बाजूने. या कादंबरीवर जगभर एवढे लिहिले गेले आहे की आणखी एका सर्वसाधारण परिचयाची गरज नाही. पण कोरडवाहू मुलखातून ती कशी दिसते हे सांगण्यासारखे आहे, असे मला वाटते.

या प्रकारच्या कादंबऱ्यांना ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. मुळात ही शिवी. साबणाच्या जाहिरातींवर चालणाऱ्या रेडिओवरच्या रडव्या मालिकांना अमेरिकेत ‘सोप ऑपेरा’ म्हणत, घोडेस्वारांच्या ठरावीक मारामारीपटांना ‘हॉर्स ऑपेरा’. त्याच चालीवर विल्सन टकर याने १९४१ साली अंतराळयाने आणि किरणबंदुका यांच्या घासून गुळगुळीत झालेल्या कथांना ‘स्पेस ऑपेरा’ असे हिणवले. पुढे शिवीची पदवी झाली. अनेक ग्रह, घराणी, साम्राज्ये, पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर आणि हे सगळे पेलणारी भव्य रचना असली की तो स्पेस ऑपेरा. मराठीत याला जवळचा शब्द शोधायचा तर मी ‘बखर’ म्हणेन, आणि ‘ड्यून’च्या बाबतीत तर तो अगदी चपखल बसतो. इथे प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी इरुलान नावाच्या राजकन्येने नंतर लिहिलेल्या इतिहासातला एखादा उतारा येतो. घरचा फितूर कोण, सरदार कसा मरणार, मुलगा पुढे कोण होणार, हे त्या उताऱ्यांमुळे आधीच कळते. रहस्य फोडून टाकले म्हणून नव्या वाचकांची चिडचिड होते. कीर्तन ऐकत वाढलेल्याला मात्र त्यात काही वावगे वाटत नाही. आख्यान ठाऊक असते. बुवा ते कसे रंगवतात ते पाहायचे असते.

कथानक थोडक्यात असे. बादशहाच्या हुकुमाने अट्राइडीज घराण्याला अराकिसची जहागीर मिळते. त्या ग्रहाच्या वाळूत ‘स्पाइस’ नावाचा पदार्थ सापडतो. त्याने आयुष्य वाढते, आणि त्याच्याशिवाय ताऱ्यांमधली वाहतूक ठप्प होईल. आधीचे मक्तेदार हार्कोनेन बादशहाच्या छुप्या मदतीने उलटून येतात, सरदार लेटो मारला जातो, आणि त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा पॉल आईला, जेसिकेला, घेऊन वाळवंटात पळतो. तिथे फ्रेमेन नावाचे लोक राहतात. पॉल त्यांच्यातला एक होतो, मग त्यांचा पुढारी, मग त्यांचा अवतारपुरुष.

आपण मराठी वाचक विज्ञानकथा शिकलो त्या बऱ्याचशा जयंत नारळीकरांकडून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ना. वि. जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरे उलटी करून, ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले, हे अनेकांना माहीत आहे. कथेतले विज्ञान पक्के असावे, निदान ज्ञात नियमांशी भांडणारे नसावे, ही शिस्त त्यांनी आपल्याला लावली. गेल्या वर्षी, म्हणजे मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या कथा पुन्हा काढून वाचताना ती शिस्त नव्याने जाणवली. या शिस्तीत वाढलेला वाचक ‘ड्यून’ उघडतो तेव्हा त्याला ठेचच लागते. इथे भौतिकशास्त्र जवळजवळ नाही. भविष्य दिसणारी माणसे आहेत, आगगाडीहून लांब अळ्या वाळूत पोहतात, आणि यान कशावर चालते हे कुणी सांगत नाही. पण हर्बर्टचे विज्ञान वेगळ्या खोलीत ठेवलेले आहे. ते वाळूचे, गवताचे, दवाचे आणि माणसांच्या श्रद्धांचे विज्ञान आहे. आपल्याकडे विज्ञानकथा म्हटली की आकाश आठवते. हा माणूस जमिनीकडे पाहत होता.

१९५७ साली हर्बर्ट ओरेगन राज्यातल्या फ्लॉरेन्स या गावी गेला. तिथे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या सरकत येऊन रस्ते आणि घरे गिळत होत्या, आणि अमेरिकेचे कृषी खाते विशिष्ट जातीचे गवत लावून त्या जागच्या जागी थोपवण्याचा प्रयोग करत होते. हर्बर्टला त्यावर लेख लिहायचा होता. तो लेख छापून आला नाही, पण वाळू त्याच्या डोक्यात शिरली ती शिरलीच. पाच-सहा वर्षांच्या वाचनानंतर डिसेंबर १९६३ पासून ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. पुस्तक छापायला मात्र कुणी तयार होईना. वीसेक प्रकाशकांनी नाही म्हटल्यावर १९६५ मध्ये चिल्टन या कंपनीने ते काढले. चिल्टनची ख्याती मोटारगाड्या दुरुस्त करण्याच्या पुस्तकांसाठी होती! पुढे पहिला नेब्युला पुरस्कार आणि रॉजर झेलाझ्नीच्या कादंबरीबरोबर विभागून ह्यूगो पुरस्कार मिळाला, तो इतिहास सर्वश्रुत आहे. मला महत्त्वाची वाटते ती अर्पणपत्रिका. ती कोरडवाहू मुलखात काम करणाऱ्या पर्यावरण-अभ्यासकांना वाहिलेली आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या एखाद्या संशोधकाच्या टेबलावर हे पुस्तक असायला हरकत नाही.

(एक जोडून सांगतो. फ्लॉरेन्सच्या परिसरात वाळू थोपवायला आणलेले ते परदेशी गवत पुढे इतके माजले की आता तेच उपटून मूळच्या टेकड्या मोकळ्या करण्याचे काम चालते. आपल्याकडच्या वेड्या बाभळीची हकिकत याहून फार निराळी नाही.)

कादंबरीतले सगळ्यात भक्कम काम आहे ते पाण्याच्या रीतिरिवाजांचे. वाड्यावर कामाला येणाऱ्या फ्रेमेन बाईची पदवी ‘शॅडाउट’ अशी आहे. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ विहिरीतून पाणी काढणारी. इंग्रजीत हे दोन शब्द जोडून सांगावे लागते. आपल्याकडे ‘शेंदणारी’ म्हटले की पोहरा, दोर, आडाचा काठ आणि हाताला पडलेले घट्टे सगळे आले. फ्रेमेन पुढारी स्टिलगार सरदाराच्या दरबारात येतो आणि टेबलावर थुंकतो. सगळे तलवारीला हात घालतात. मग एकाला उलगडा होतो की या माणसाने आपल्या अंगातला ओलावा भेट दिला आहे, आणि तो त्याचे आभार मानतो. राजधानीतल्या बड्या घरात आधीपासून चालत आलेली चाल अशी की पाहुण्यांनी जेवणाआधी हात धुताना मुद्दाम पाणी जमिनीवर सांडायचे, तिथेच टॉवेल टाकायचे, आणि मग दाराशी जमलेल्या भिकाऱ्यांना ते टॉवेल पिळून पाणी द्यायचे. नवा सरदार ही चाल बंद करतो आणि दाराशी येईल त्याला पेलाभर पाणी द्या असे सांगतो. घरची मोलकरीण यावर नाराज होते, कारण त्या पिळलेल्या पाण्यावर तिचा हक्क होता. दानशूरपणाखाली कुणाचा तरी छोटासा धंदा मोडतो, हे हर्बर्टने एका वाक्यात टिपले आहे. एवढ्या बारकाईची कादंबरी मी क्वचित वाचली आहे.

आणि मग जामिसचे प्रकरण. पॉल द्वंद्वात जामिसला मारतो. टोळीच्या नियमाने प्रेतातले पाणी काढून टोळीच्या साठ्यात जमा होते. ते थेंबापर्यंत मोजले जाते, तेहतीस लिटर आणि वर काही. त्या मापाच्या धातूच्या कड्या जिंकणाऱ्याला मिळतात. अंत्यविधीत पॉलच्या डोळ्यांतून पाणी येते, तेव्हा सारी गुहा स्तब्ध होते. मेलेल्याला कुणी पाणी देते, हे त्या लोकांनी कधी पाहिलेले नसते. याच गुहेत पुढे एक जलाशय दाखवला जातो. त्यात ३ कोटी ८० लाख डेकालिटरहून अधिक पाणी आहे, आणि तहानेने जीव चालला तरी त्यातला घोट कुणी घेणार नाही, कारण ते पणतवंडांसाठी ठेवलेले आहे.

ते पान वाचताना मला वालूरची चक्राकार बारव आठवली. आमच्याच तालुक्यातली. गावकऱ्यांनी गाळ-माती उपसून ती मोकळी केली तेव्हा गोल उतरत गेलेल्या पायऱ्या पाहायला लांबून माणसे आली. जमिनीच्या पोटात पाण्यासाठी देवळासारखी जागा बांधणारे लोक आपल्याही मागे होऊन गेले. आणि बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी आजी पाणी मोजत असे ते कळशीने नव्हे, तांब्याने. धुण्याचे पाणी अंगण शिंपायला, तांदूळ धुतलेले पाणी गुरांना, भांडी राखेने घासून ओल्या फडक्याने पुसायची. हर्बर्टने याला ‘जलशिस्त’ असे भारदस्त नाव दिले आहे. आजी म्हणत असे, पुरवून वापरा.

मराठवाड्याच्या वाचकाला या कादंबरीत आणखी एक गोष्ट ओळखीची वाटते, ती भाषा. हर्बर्टने फ्रेमेनांचे शब्द मुख्यतः अरबीवरून घेतले. कॉकेशसमधल्या इमाम शामिलच्या लढ्यावरचे लेस्ली ब्लांचचे पुस्तकही त्याने पुष्कळ वापरले. अमेरिकी वाचकासाठी या सगळ्या परक्या शब्दांचा कोश शेवटी जोडावा लागला. मी तो चाळत होतो तर अर्धे शब्द घरचेच निघाले. ‘अक्ल’ म्हणजे बुद्धीची कसोटी, ‘इल्म’, ‘अदब’, ‘सैतान’. बादशहाची पदवी ‘पादिशा’. टोळीचा पुढारी ‘नायब’. आमच्याकडे नायब तहसीलदार आजही तहसील कचेरीत बसतो. मंत्र-योगाच्या बाजूने ‘प्राण’ आणि ‘बिंदू’ही आले आहेत. ‘कनात’ हा शब्द वाचून तंबूची भिंत डोळ्यांपुढे येते, पण इथे तो पाण्याचा पाट आहे. तोच शब्द इराणात जमिनीखालून पाणी आणणाऱ्या बोगद्यांना लावतात, आणि मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी त्याच तंत्राने औरंगाबादेत नहर-ए-अंबरी खेळवली.

शब्दांबरोबर व्यवस्थाही ओळखीची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, जहागिऱ्या रद्द झाल्या त्या १९४९ मध्ये. गाव कुणाचे, तर ज्याच्या नावाने सनद निघाली त्याचे. गावात राहणाऱ्याला त्यात विचारायचे नाही, हे आमच्या आजोबांच्या पिढीला नवे नव्हते. अराकिसचा एक मालक जातो, दुसरा येतो. जाणारा शेवटच्या दिवसापर्यंत ओरबाडतो, येणारा न्यायी आहे पण वसुली त्यालाही पुरी करायची आहे. समीक्षक या कादंबरीला भविष्यकाळातली सरंजामशाही म्हणतात आणि तसे घडणे संभवते का याची चर्चा करतात. आम्हाला ती भविष्यातली वाटत नाही.

आता गाभ्याकडे येतो. माझ्या मते या कादंबरीचा खरा नायक पॉल नाही. तो आहे काइन्स, बादशहाने नेमलेला ग्रह-अभ्यासक. त्याच्या बापाने, पार्डो काइन्सने, फ्रेमेनांना सांगितले होते की या वाळवंटात झाडे लावता येतील. त्याचे हे बोलणे बंद करण्यासाठी टोळीने एक मारेकरी पाठवला. काइन्स बोलण्याच्या तंद्रीत त्याला नुसते ‘बाजूला हो’ म्हणून पुढे चालू लागला, आणि मारेकरी खरेच बाजूला झाला; स्वतःच्याच सुरीवर पडून मेला. त्यानंतर लोक त्याच्या मागे गेले. त्याची योजना सुरीसारखी सरळ होती: आधी गवत, मग झुडपे, दव गोळा करणारे सापळे, आणि वनस्पतींचे प्रमाण तीन टक्क्यांवर गेले की चक्र आपोआप फिरू लागेल. किती दिवस लागतील? तीनशे ते पाचशे वर्षे. ऐकणारे थक्क झाले, आणि कामाला लागले. शेवटी जोडलेल्या परिशिष्टात ही हकिकत आहे. स्पेस ऑपेरातली सगळ्यात थरारक पाने मला ती वाटतात, आणि त्यांत एकही लढाई नाही.

‘ड्यून’ पुस्तकरूपाने आली १९६५ मध्ये. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. योगायोगच, पण मला तो सोडवत नाही. डाव्या कालव्याने २०० किलोमीटरहून अधिक वाट चालून पाणी आमच्या जिल्ह्यात यायचे होते. ते आले, आणि त्याने पुष्कळ शिवारे बदलली. हे नाकारणारा माणूस कृतघ्न. पण कालव्याला ‘हेड’ असते तसे ‘टेल’ही असते. टेलच्या माणसाचे आयुष्य आवर्तन कधी सुटणार, आपल्या चारीला पाळी कधी येणार, आणि आली तरी पाणी पोचेपर्यंत किती उरणार या तीन प्रश्नांत जाते. त्याही वर नाशिक-नगरची धरणे आधी भरणार की नाथसागर, हा वाद. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, मेंढेगिरी समितीने सूत्र दिले, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडायचे ठरले. तरी दर कमी पावसाच्या वर्षी मामला न्यायालयाच्या दारात. हर्बर्टच्या फ्रेमेनांपाशी जे आहे आणि आपल्यापाशी नाही ते पाणी नव्हे. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजलेले माप त्यांच्यापाशी आहे. जामिसचे पाणी मोजताना सारी टोळी उभी असते.

म्हणूनच पॉलचे येणे मला आनंदाचे वाटत नाही, आणि लेखकालाही वाटत नव्हते. शत्रूने काइन्सला उघड्या वाळवंटात मरायला सोडले आहे. भ्रमात त्याला मेलेल्या बापाचा आवाज ऐकू येतो, आणि तो आवाज बजावतो की तुझ्या लोकांवर यायचे सगळ्यात भयंकर संकट म्हणजे एखाद्या महापुरुषाच्या हाती सापडणे. त्याच क्षणी त्याला कळते की आपल्या पायाखालच्या वाळूत खोलवर पाणी आहे; आणि तो तिथेच मरतो. पॉलने पुढे काय केले? पाचशे वर्षांच्या सबुरीला त्याने सत्तेच्या घाईला जुंपले. पाण्याची वाट पाहणारे लोक त्याचे सैन्य झाले. १९६९ च्या ‘ड्यून मसीहा’मध्ये त्याच्या नावाने झालेल्या धर्मयुद्धातल्या मृतांचा आकडा तो स्वतःच सांगतो: ६१ अब्ज. ‘अ‍ॅनालॉग’चा संपादक जॉन कॅम्पबेल याने ही दुसरी कादंबरी छापायला नकार दिला, वाचकांना नायक हवा होता, त्याचा पंचनामा नव्हे. आणि १९७६ च्या तिसऱ्या भागात अराकिस खरोखरच हिरवा होऊ लागतो, तेव्हा हिशेबातली पुढची ओळ दिसते. त्या महाकाय अळ्यांना पाणी हे विष आहे. पाणी वाढेल तशा त्या मरणार, आणि स्पाइस त्यांच्यापासूनच तयार होते. पाणी आले आणि फ्रेमेनांची ती शिस्तही ढिली पडली. ओलावा राखणारे त्यांचे अंगरखेदेखील आता नीट शिवलेले नसतात.

पश्चिमेचे समुद्राला जाणारे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात वळवू, वॉटर ग्रीड आणू, ही आश्वासने मी माझ्या हयातीत अनेक तोंडांतून ऐकली आहेत. त्यांतले काय शक्य, काय अशक्य, हे अभियंत्यांनी सांगावे. मला दिसते ते एवढेच की सभेत योजना टाळ्या घेत नाही, आणणारा टाळ्या घेतो. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके आणि मातीसुद्धा वाहून गेली, तेव्हा तहानेच्या भाषेत बोलणारे सगळेच गप्प झाले. अराकिसच्या मानाने आमचे दुखणे अधिक अवघड आहे. तिथे पाणी नाही, हे नक्की असते.

कादंबरीत उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. खलनायक बॅरन हार्कोनेन लठ्ठ आणि पुरुषांकडे ओढा असलेला दाखवून लेखकाने त्याच्या दुष्टपणाची सोय लावली, हे आज वाचताना स्वस्त वाटते. स्त्रिया बुद्धिमान आहेत, पण त्यांची सारी बुद्धी मुलगा कुणाला आणि कसा व्हावा यातच खर्ची पडते. परका गोरा मुलगा वाळवंटातल्या लोकांना त्यांच्याहून चांगले लढायला शिकवतो, हा जुना वसाहतवादी साचा हर्बर्टने पुढे मोडला खरा, पण पहिल्या भागात तो पुरेपूर वापरून घेतला. माझी तक्रार याहून साधी आहे. या ग्रहावर शेतकरी दिसत नाही. खोलगट भागांतल्या खेड्यांचा नुसता उल्लेख येतो. रस्त्यावर पाणी विकणाऱ्याची आरोळी एकदा ऐकू येते आणि विरते. योद्धे आहेत, अभ्यासक आहेत, सरदार आहेत. काइन्सने लावलेल्या रोपाला रोज पाणी घालायला कोण जाते, त्याची रात्रपाळी कुणाची, हे कळत नाही.

दनी विलनव्हच्या २०२१ आणि २०२४ च्या चित्रपटांमुळे हल्ली कॉलेजची मुले या कादंबरीची चौकशी करतात. चित्रपट देखणे आहेत, खजुरीचा हिशेबही त्यांत आहे. पण टॉवेल पिळण्याची ती मेजवानी गाळली आहे, आणि काइन्सच्या बापाला जागाच नाही. मुलांना मी सांगतो की पुस्तक आणा, पण पहिल्या पानापासून सुरू करू नका. शेवटी नकाशा, शब्दकोश आणि चार परिशिष्टे आहेत. त्यांतले पहिले, ग्रहाच्या पर्यावरणावरचे, आधी वाचा. पंधरा-वीस मिनिटे लागतात. मग शब्दकोशात घरचे शब्द किती सापडतात ते मोजा. एका विद्यार्थिनीने सदतीस काढले. तिची आजी गंगाखेडची, उर्दू शाळेत शिकलेली, तिने आणखी सहा सांगितले.